एक कथा, तीन रेटिंग आणि पहाटेची मतगळती

तक्रार तीन स्क्रीनशॉटसह आली होती. कथा एकच, सकाळ एकच, आकडे तीन. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या दुव्यावरून उघडली तर रेटिंग ४.६, साइटच्या यादीत ४.५, आणि यादीतून आत शिरलं की ४.४. स्क्रीनशॉटमध्ये न मावलेली गोष्ट लेखिकाताईंनी खाली सविस्तर लिहिली होती. आदल्या रात्री कथेवर ४२ मतं होती आणि शीर्षकाशेजारी पणती लागली होती. सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर मोबाइल उघडला तर मतं ३८ आणि पणती गायब. ‘रेटिंग खालीवर होतं हे मला कळतं. पण पडलेली मतं कमी कशी होतात? कुणी उडवल्याशिवाय?’

प्रश्न बिनतोड होता. व्यवस्थापकांकडे त्याचं उत्तर नव्हतं.

साइट मराठी कथालेखनाची. मुंबईतली मोजकी मंडळी नोकऱ्या सांभाळून ती चालवतात, पदरमोड करून. वाचक कथेला १ ते ५ स्टार देतात, सरासरी एका दशांश स्थळापर्यंत दिसते. किमान १० मतं आणि ४.५ किंवा त्याहून जास्त सरासरी असेल तर कथेला पणती मिळते. एरवी या पणतीवरून कुणी भांडलं नसतं, पण दिवस दिवाळी कथास्पर्धेचे होते आणि स्पर्धेत निम्मे गुण परीक्षकांचे तर निम्मे वाचकांच्या रेटिंगचे. तेव्हा ०.१ म्हणजे चेष्टा नव्हती. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो आणि स्पर्धेत माझी कथा नव्हती, या दोन पात्रतांवर हे प्रकरण माझ्याकडे आलं.

संशय आधी कंपूवर

मराठी साइटवर काही विचित्र घडलं की दोन स्पष्टीकरणं तयारच असतात: कंपूबाजी आणि डुआयडी, म्हणजे एकाच माणसानं काढलेली जादाची खोटी खाती. इथेही तासाभरात दोन्ही आली. एका कंपूनं ठरवून १-१ स्टार मारले, असं एक मत. व्यवस्थापकांपैकीच कुणीतरी पहाटे उठून नावडत्यांची मतं पुसतं, असं दुसरं. तिसऱ्या एकानं तर भूगोल लावला. मुंबईत पहाटेचे साडेपाच म्हणजे न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात-आठ, अर्थात तिकडची मंडळी ऑफिसातून घरी येऊन हे उद्योग करतात!

व्यवस्थापकांनाही डुआयडीच खरे वाटले. त्यांनी चौकशीआधीच उपाय करून टाकला: एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेटच्या जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून) एका कथेला एकच मत. त्या उपायानं काय केलं ते पुढे येईलच. इथे एवढंच नोंदवतो की मूळ दुखणं बाजूला राहिलं आणि अंगावर नवं आलं.

मला गळतीपेक्षा तिची वेळ जास्त बोलकी वाटली. जुन्या तक्रारी काढून पाहिल्या. ‘सकाळी रेटिंग पडलेलं असतं’ असं इतरांनीही मधूनमधून लिहिलेलं होतं, फक्त आकड्यानिशी कुणी मांडलं नव्हतं. मग सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. मतसंख्या साडेपाचच्या ‘सुमारास’ घटत नव्हती, बरोबर साडेपाचला घटत होती, रोज, रविवारीसुद्धा. माणूस इतका वक्तशीर नसतो. कंपू तर नसतोच नसतो.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. सर्व्हरवर मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे ५.३० वाजतात. (दोन घड्याळांचा घोळ मुंबईला परका नाही. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईनं तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती.) आणि सर्व्हरच्या मध्यरात्री एक काम आपोआप चालायचं, सगळ्या कथांची मतं पुन्हा मोजण्याचं. ते कुणीतरी कधीतरी चांगल्या हेतूनं लावलं होतं आणि नंतर सगळेच विसरले होते.

म्हणजे पहाटे मतं कुणी उडवत नव्हतं, मोजत होतं. मग खरा प्रश्न उलटा झाला. मोजल्यावर ३८ भरतात, तर रात्री ४२ कुठून आली होती?

चार जादा मतं

साइट मतांचा हिशेब दोन ठिकाणी ठेवत होती. एक मतांची वही: कोणत्या वाचकानं कोणत्या कथेला किती स्टार दिले, प्रत्येकाची एक ओळ. त्याच वाचकानं पुन्हा मत दिलं तर तीच ओळ बदलते, नवी होत नाही. दुसरा चालू गल्ला: कथेवर एकूण मतं किती आणि स्टारांची बेरीज किती. प्रत्येक वेळी वही चाळायला लागू नये म्हणून पानावर गल्ल्यातला आकडा दाखवायचा. या पद्धतीत मुळात चूक काही नाही, अनेक साइट अशीच बेरीज तयार ठेवतात. अट एकच, की वहीत आणि गल्ल्यात एकाच दमात लिहिलं गेलं पाहिजे, आणि वहीत नवी ओळ झाली नसेल तर गल्ल्यात मत वाढता कामा नये.

इथे ती अट पाळली जात नव्हती. आता संध्याकाळची ठाण्याकडे जाणारी लोकल डोळ्यांसमोर आणा. एका हातानं वरची कडी धरून, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर वाचक कथा संपवतो आणि पाच स्टार दाबतो. मत सर्व्हरपर्यंत पोचतं. वहीत ओळ होते, गल्ल्यात ५ पडतात. पण ‘मिळालं’ हा निरोप परत येईपर्यंत त्याचं नेटवर्क गेलेलं असतं. ॲप काही सेकंद वाट पाहतं आणि उत्तर आलं नाही म्हणून तेच मत आपणहून पुन्हा पाठवतं. वहीत तीच ओळ पुन्हा लिहिली जाते, काही बिघडत नाही. गल्ल्यात मात्र आणखी ५ पडतात. वाचकाला यातलं काही कळत नाही, त्याच्या लेखी त्यानं एकदाच बोट लावलं.

नोंदींमध्ये त्या संध्याकाळी या कथेवर अशा चार जोड्या सापडल्या. वाचक तोच, स्टार तेवढेच, मध्ये काही सेकंदांचं अंतर. चारही पाच-पाच स्टारांच्या. आता हिशेब बघा. वहीत ३८ मतं, बेरीज १६९. भागाकार ४.४४७. गल्ल्यात त्यावर चार वेळा पाच: ४२ मतं, बेरीज १८९. भागाकार बरोबर ४.५. पणती पेटायला लागतात तेवढेच, ना कमी ना जास्त. पहाटे फेरमोजणीनं गल्ला वहीप्रमाणे केला आणि पणती विझली.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि मला वाटतं कंपूची कथा लोकांना पटली ती हिच्यामुळेच. मत दोनदा मोजलं जाणं हा निव्वळ नेटवर्कचा खेळ. तो एक स्टारलाही होतो, पाचलाही. म्हणजे दिवसभरात काही कथांचं रेटिंग खोटं वर जात होतं, काहींचं खोटं खाली. पहाटे दोन्ही जागेवर यायची. पण ज्याचं रेटिंग पहाटे वर आलं त्यानं कधी तक्रार केली नाही. त्याला वाटलं, रात्रीत कुणीतरी रसिक येऊन गेला. तक्रारपेटीत फक्त पडलेले जमले, आणि ती पेटी वाचणाऱ्याला साहजिकच वाटलं की साइटवर पहाटे सगळं पडतंच.

४.४ आणि ४.५ चा उलगडा त्या मानानं किरकोळ. ४.४४७ एका दशांश स्थळापर्यंत आणलं की ४.४ होतं. कथेचं पान तसंच करत होतं. यादीचं पान मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत आणून साठवलेला आकडा घेत होतं, ४.४५, आणि त्याचं पुन्हा एका स्थळावर आणताना ४.५ करत होतं. दोन टप्प्यांत पूर्णांकन केलं की असा घोटाळा होतो, हे शाळेतल्या गणिताच्या बाईही सांगायच्या. पणतीचा निर्णय तिसऱ्याच आकड्यावर, न छाटलेल्या ४.४४७ वर, होत होता. त्यामुळे यादीत ‘४.५’ असं लिहिलेलं आणि शेजारी पणती नाही, हे दृश्य. ताईंनी त्याभोवती लाल वर्तुळ काढलं होतं ते उगाच नव्हतं.

४.६ आणि एक न दिसणारं अक्षर

राहिला व्हॉट्सॲपवरचा ४.६. यानं सगळ्यात जास्त छळलं. त्या दुव्यावरून येणाऱ्यांची आणखी एक तक्रार होती: ‘मी मत दिलं, पण आकडा हललाच नाही.’ वहीत पाहिलं तर त्यांची मतं व्यवस्थित नोंदलेली.

दादरला एका व्यवस्थापकांच्या घरी आम्ही दोन मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकावर जुना दुवा, दुसऱ्यावर नवा. कथा तीच, शीर्षक तेच, वरचा पत्ताही अक्षरन्‌अक्षर तोच. काकूंनी चहा ठेवता ठेवता बघून सांगितलं, ‘अहो, एकच तर आहे.’ मी दोन्ही पत्ते कॉपी करून लॅपटॉपवर त्यांची लांबी मोजली. एक पत्ता दुसऱ्यापेक्षा एका अक्षरानं लांब निघाला.

शीर्षकात ‘दुसऱ्या’ हा शब्द होता. त्यातला ऱ्य संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ऱ ला स्वतंत्र क्रमांक आहे, ०९३१. तो, पुढे हलन्त आणि मग य, ही एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र (०९३०), हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं रुंदीच नसलेलं चिन्ह (२००डी), आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. कोणता कीबोर्ड कोणती तऱ्हा वापरील हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं, बहुतेकांना ठाऊकही नसतं. ताईंनी कथा मोबाइलवरून टाकली होती. पुढे शीर्षकातलं एक जादाचं उद्गारचिन्ह खटकलं म्हणून लॅपटॉपवर शीर्षक पुन्हा टाइप केलं. साइट पानाचा पत्ता शीर्षकावरून बनवते, त्यामुळे कथेला दुसरा पत्ता मिळाला. जुने दुवे मरू नयेत म्हणून जुना पत्ताही चालू ठेवला गेला. इथपर्यंत ठीकच होतं.

गोची कॅशमध्ये झाली. पान दर वेळी नव्यानं बनवायला नको म्हणून साइट त्याची तयार प्रत ठेवते आणि मत पडलं की ती पुसते. पुसण्याचा आदेश नव्या पत्त्याच्या नावानं निघत होता. जुन्या पत्त्याची प्रत, शीर्षक बदललं त्या क्षणी जशी होती तशी, पडून राहिली. तेव्हा ३० मतं होती आणि बेरीज १३८, म्हणजे ४.६. प्रतीला मुदत घातलेली नव्हती. व्हॉट्सॲपवरून येणारा प्रत्येक जण तोच शिळा आकडा बघत होता, आणि ताईंचे बहुतेक नातेवाईक तिथूनच येत होते. घरचे सगळे ४.६ म्हणतात आणि साइट ४.४ म्हणते, तर विश्वास कुणावर बसणार?

मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येक साइटनं हे एकदा तपासावं असं मी आग्रहानं म्हणेन. युनिकोडचं प्रमाणीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) वेगवेगळे आले असतील तर त्यांचा ऱ करून देतं. पण जॉइनरला ते हात लावत नाही. तो वेगळा काढावा लागतो. त्याहून बरं म्हणजे आतल्या हिशेबासाठी शीर्षकावर विसंबूच नये, कथेचा क्रमांक वापरावा.

उपायाचा अपाय

आता आयपीचा नियम. घरी प्रत्येकाचा वायफाय वेगळा, तेव्हा एक पत्ता म्हणजे एक माणूस, असं त्यामागचं गृहीतक. मुंबईत वाचन घरी होत असतं तर कदाचित थोडंफार चाललंही असतं. पण आयपी पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४मध्ये, एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, सगळ्या जगासाठी. मोबाइल कंपन्या म्हणून असंख्य ग्राहकांना मिळून थोडे बाहेरचे पत्ते देतात, आणि आतल्या वापरासाठी २०१२ मध्ये पत्त्यांचा एक खास पट्टाही राखून ठेवला गेला आहे. नव्या आयपीव्ही६मध्ये ही टंचाई नाही, पण या साइटचा सर्व्हर फक्त आयपीव्ही४वर होता. त्यामुळे एकाच कंपनीचं सिम वापरणारे कल्याणचे, वाशीचे, बोरिवलीचे अनोळखी वाचक सर्व्हरला एकाच पत्त्यावरून आलेले दिसू शकत होते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका ऑफिसचा वायफाय वापरणारे तर दिसणारच.

पहिल्याचं मत घेतलं जायचं, पुढच्यांचं टाकलं जायचं. आणि टाकताना पडद्यावर संदेश काय, तर ‘आपल्या मताबद्दल धन्यवाद’. डुआयडीवाल्याला आपण पकडले गेलो हे कळू नये, ही त्यामागची हुशारी. प्रत्यक्षात ज्याला खरंच दहा खाती चालवायची असतात तो विमान मोड चालू-बंद करून नवा पत्ता मिळवू शकतो. अडकला तो लोकलमधला साधा वाचक. स्पर्धेतल्या कथांची मतं जवळजवळ गोठली, आणि त्यावरही लोकांनी अर्थ काढला: बघा, आता मतं पडूच देत नाहीत!

नियम मागे घ्यायला व्यवस्थापक तयार नव्हते. ‘मग डुआयडी रोखायचे कसे?’ हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मी एवढंच दाखवलं की हा नियम डुआयडी रोखत नाही, गर्दी रोखतो. दोन वेगवेगळ्या वाचकांची, जुन्या आणि सक्रिय खात्यांची, एकाच पत्त्यामुळे टाकलेली मतं समोर ठेवता आली असती तर वाद लगेच मिटला असता. पण टाकलेल्या मतांची नोंदच ठेवली जात नव्हती. शेवटी व्यवस्थापकांपैकी दोघांनी एकाच कंपनीच्या सिमवरून, एक ठाण्याहून आणि एक परळहून, तीच कथा उघडून मत दिलं. दुसऱ्याचं मत वहीत आलं नाही. त्या रात्री नियम गेला.

दोन एक-स्टार

धुरळा बसल्यावर उरली खरीखुरी मतं. ४.६ पासून ४.४४७ पर्यंतच्या उतरणीत आठ मतं होती: पाच जणांचे ५, एकाचे ४, आणि दोघांचे १.

त्यातला एक १ संशयास्पदच होता. खातं स्पर्धा सुरू झाल्यावर उघडलेलं, एका कथेला ५ आणि बाकी समोर येईल तिला १, तेही कथा वाचून होणार नाही इतक्या भराभर. म्हणजे कंपू नसला तरी एखादा हौशी होताच. लोकांचा संशय सर्वस्वी चुकीचा नव्हता. फक्त हौशाचा वाटा या सगळ्या गोंधळात अगदी छोटा होता.

दुसऱ्या १ मागे एक जुने, सज्जन वाचक निघाले. त्यांनी कथेखाली प्रतिसादही दिला होता: ‘एक नंबर! डोळ्यांत पाणी आलं.’ आणि वर स्टार एक. स्टारांच्या शेजारी ‘वाईट’, ‘उत्तम’ असं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी ओशाळून ते ५ केलं. १६९ चे १७३ झाले, ३८ मतांत ४.५५३. पणती लागली, आणि पानावर आला ४.६. ताईंचा निष्कर्ष तयार होता: आधी ४.६ होतं, मी आवाज उठवला, मग परत ४.६ केलं. मी दोन ४.६ कसे वेगळे आहेत ते समजावून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, मानलं नाही.

दुरुस्त्या फारशा अवघड नव्हत्या. ॲप आता प्रत्येक मताला एक खूणक्रमांक देतं, तोच क्रमांक पुन्हा आला तर गल्ल्यात काही पडत नाही. वही आणि गल्ला एकाच व्यवहारात लिहिले जातात. पूर्णांकन एकदाच होतं, आणि पानावर, यादीत आणि पणतीसाठी एकच आकडा वापरला जातो. फेरमोजणी रोज होते, पण फरक आढळला तर मुकाट्यानं दुरुस्त करण्याऐवजी व्यवस्थापकांना कळवते. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा बदल हाच. जुनी फेरमोजणी रोज पहाटे एक दोष झाकत होती, म्हणूनच तो इतके दिवस टिकला. स्टारांखाली शब्द आले.

खरा वाद झाला तो यादीच्या क्रमावर. दोन मतांत ५.० मिळवलेली कथा ३८ मतांच्या ४.४ च्या वर का बसावी? आयएमडीबी या चित्रपटांच्या साइटनं आपल्या टॉप २५० साठी जाहीर केलेलं भारित सरासरीचं सूत्र मी सुचवलं. प्रत्येक कथेच्या मतांत साइटच्या सरासरीची ठरावीक मतं मिसळायची. समजा साइटची सरासरी ३.९ आहे आणि आपण १० मतं मिसळली, तर दोन मतांची ५.० वाली कथा ४.१ वर येते आणि ३८ मतांची ४.४४७ वाली ४.३ वर. क्रम सुधारतो. पण लेखक मंडळी खवळली. माझ्या कथेच्या मतांत दुसऱ्यांची सरासरी का कालवता? मला हा राग समजतो, दिसणारा आकडा वाचकांनी दिलेलाच असावा. म्हणून तडजोड झाली. पानावर शुद्ध सरासरी आणि मतसंख्या, १० मतांखाली आकडाच नाही, आणि भारित सरासरी फक्त क्रम लावायला. ते सूत्र साइटवर उघड लिहून ठेवलं आहे.

स्पर्धेचं मात्र काही करता आलं नाही. दुहेरी मोजलेली मतं वहीवरून काढून टाकता आली, पण आयपीच्या नियमानं टाकलेली मतं कुठेच नव्हती. ती कुणाची, किती, कोणत्या कथेची, सांगायला काही साधन नव्हतं. ज्यांच्या कथा नेमक्या त्या दिवसांत आल्या त्यांचं नुकसान सर्वांत जास्त झालं असणार, आणि ते किती हे काढणं अशक्य. पुन्हा मतदान घ्यावं असं काहींचं म्हणणं होतं, पण एव्हाना कोण पुढे आहे हे सगळ्यांना माहीत झालं होतं. शेवटी वाचकांचे गुण त्या वर्षापुरते बाजूला ठेवून निकाल परीक्षकांच्या गुणांवर लागला. ताईंच्या कथेचा तिसरा क्रमांक आला. अभिनंदनाच्या धाग्यावर त्यांनी सर्वांचे आभार मानले आणि खाली विचारलं, परीक्षकांच्या गुणांची सरासरी एका दशांशापर्यंत काढली होती की दोन.